सावंतकाकूंचं धूड

अरे, बोरिवलीच्या सावंतकाकूंचं तुला सांगितलंच नाही ना? आधी तो चहाचा कप खाली ठेव, नाहीतर सांडशील!

त्यांच्या घरी मी सोलर बॅकअप बसवला. लाइट गेली की क्षणात घर बॅटरीवर, एकदम झकास! पॅनेल गच्चीवर गेली, पण बॅटरीला जागा मिळाली ती काकूंच्या शिलाई मशीनची. मशीन माळ्यावर गेलं आणि काकूंचं डोकं फिरलं. त्यात आपल्या मुंबईत लाइट जाते कधी? रोज काकूंचा फोन, "मेल्या, लाइट काय जात नाय! तुझं धूड नुसतं बसून आहे. घेऊन जा!"

शेवटी परवा दुपारी गेलो, म्हटलं टाकू एकदाचं काढून. बघतो तर लिफ्ट बंद! जिने चढत गेलो, तर प्रत्येक पॅसेजमध्ये काळोख, लोक दारं उघडून पेपरने वारा घेतायत. मी तर काकूंच्या दाराकडे धावतच सुटलो रे!

काकूंनी टीव्हीवरची नजर न काढताच दार उघडलं. डोक्यावर पंखा गरगर फिरतोय.

"बघ, आजपण गेली नाय! उचल तुझं धूड!"

"काकू, जरा बाहेर तर बघा."

काकूंनी एकदा पॅसेजमधल्या काळोखाकडे बघितलं, एकदा आपल्या पंख्याकडे. मग अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अगो, उकाड्यात कशाला मरताय? सगळी आत या! आमचं सोलर आहे!"