लिओनचं चर्च आणि माझे दोन हात

तुम्ही नेहमी विचारता ना, अमेरिकेत मुलाकडे दिवसभर करतोस काय? मागच्या रविवारी मी चर्च धरून बसलो होतो.

नात इरा दहावीत आहे. तिला स्पेनमधल्या लिओन शहरातल्या जुन्या चर्चचं पुठ्ठ्याचं मॉडेल दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायचं होतं. छताच्या कमानी ठेवल्या की भिंती बाहेर फाकायच्या आणि सगळं खाली. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा पोर रडायला लागली.

मी फोटो मागितला. सातशे वर्षांपूर्वीचं काम. भिंती कमी, काचाच जास्त. बाहेरून दगडाच्या अर्ध्या कमानी भिंतींना टेकलेल्या.

"या कुठायत?"

"ते डेकोरेशन आहे, आजोबा. लास्टला लावणार."

"डेकोरेशन नाही, टेकू आहेत. चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय मी."

मी दोन्ही भिंतींना बाहेरून तळवे लावले. तिनं छत ठेवलं. राहिलं.

"ओ माय गॉड! आजोबा, डोन्ट मूव्ह!"

मग ती एकेक टेकू चिकटवत बसली, आणि गोंद वाळेपर्यंत मी तसाच. चहासुद्धा तिनंच कप तोंडाला लावून पाजला. आजारपणातही मी कुणाच्या हातून पाणी प्यायलेलो नाही. पण तो चहा चांगला होता.

तेवढ्यात मुलगा आयसेलिनच्या देशी बाजारातून भाजी घेऊन आला. दारातच थांबला.

"बाबा, हे काय?"

"टेकू आहे मी. पिशव्या ठेव आणि ही भिंत धर. कधीचं नाक खाजवायचंय."