नसलेल्या पायाची खाज

गुडघ्याचा पट्टा घ्यायला आलेल्या आजी कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या दवाखान्यात बाकावर बसल्या होत्या. शेजारी लढाईत एकेक पाय गमावलेले दोन म्हातारे फौजी होते. एकाची बायको खिडकीवर चिठ्ठी आणायला गेली, तसा तो दुसऱ्या फौजीच्या कानाशी कुजबुजला; आजींना ऐकू आलंच.

"हसू नका हं. तुमचा गेलेला पाय खाजतो?"

"अंगठा! अगदी जीव नकोसा करतो."

"खरंच? आमच्या गावात पाय गेलेला मी एकटाच, विचारणार कुणाला? वाटायचं, डोकं फिरलं आपलं."

"अहो राव, इथे सगळ्यांचाच खाजतो!"

"हुश्श! तीस वर्षं हिलासुद्धा बोललो नाही."

"काय बोलला नाहीत?" बायको चिठ्ठी घेऊन परतली होती.

"अगं, तो पाय... खाजतो."

"माहीत आहे. झोपेत त्या जागची रिकामी गादी खाजवता की! उगाच का रोज त्या पायाकडचंही पांघरूण खोचते मी?"