मैदानावरचा जोत्या

(साताऱ्यातलं फुटबॉलचं मैदान. मध्यंतर झालंय. कडेला कडुलिंबाखाली जोतीराम पाय पसरून बसलाय.)

हरणाबाई: हलवू नगंस. गुडगा बघ कसा भाकरीवानी फुगलाय.

जोतीराम: आये, तू कशाला आलीस?

हरणाबाई: मुंबईच्या गिरणीची टीम साताऱ्याला आलीया, त्ये अख्ख्या माहुलीला ठावं, आन आईलाच ठावं नगं? घरला तोंड बी दावलं न्हाईस. तुजा चुलता तात्याबा गाडी जुपून उभा हाय. ऊठ, घरला चल.

जोतीराम: आजून अर्धी मॅच हाय.

हरणाबाई: ऱ्हाऊ दे मॅच. लढाईच्या सालात पलटणीत ह्यो चेंडू शिकलास, आन घोटा मोडून आलास. मग गिरणीनं पगार दिऊन खेळायला ठिवलं, तर सांगलीच्या मैदानात खांदा निखळला. गेल्या साली ह्यो गुडगा. दर बारीला शेक-तेल मीच केलं. तुजा खेळ कंदी बघितला न्हाई, मोडल्यालं हाड तेवडं बघत आली.

विष्णुपंत: बाई, नमस्कार. मी विष्णुपंत, या टीमची व्यवस्था माझ्याकडे आहे. जरा ऐका. आपण एका गोलने मागे आहोत. हा बाहेर राहिला तर दहाच जणांनी खेळायचं, बदली माणूस घेता येत नाही. आणि गिरणीचे साहेब त्या खुर्चीत बसलेत ते याचाच पाय बघायला. पुढच्या हंगामाला याला ठेवायचं की काढायचं, ते आज ठरेल.

हरणाबाई: आन गुडगा ग्येला म्हंजी?

विष्णुपंत: तुमच्याशी खोटं बोलवत नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा मुरगळला तर चालेल-फिरेल, पण धावणं संपलं.

जोतीराम: पंत, तुमी व्हा म्होरं. सांगतो मी.

विष्णुपंत: लवकर सांग रे बाबा. मी पोरांकडे जातो.

हरणाबाई: जोत्या, मी सुरवातीपास्नं त्या कुंपनाच्या भितीवर बसली व्हती.

जोतीराम: सगळं बघितलंस?

हरणाबाई: व्हय. आन आदी तुला वळखलंच न्हाई रं. गेल्या साली घरात चौकटीला धरून चालत व्हतास, आन हितं तीन धटिंगण अंगावर आलं, तर त्येंच्या मधनं पाटाचं पानी जावं तसा ग्येलास! चेंडू पाय सोडंना. शेजारचा म्हातारा बोलत व्हता, त्यो तोंड उगडं टाकून ऱ्हायला. म्हनलं, द्येवा, ह्यो माज्या पोटचा?

जोतीराम: तवा गोल कुटं झाला, आये.

हरणाबाई: मला त्यातलं काय कळतंय? पर एक कळलं. मागनं त्येंचा त्यो दाढीवाला पळत आला. चेंडू दोगांच्या मधी. तू पाय घातलास, आन काडून घेतलास. मग त्येनी गोल केला. भ्यालास?

जोतीराम: न्हाई.

हरणाबाई: मग?

जोतीराम: भितीवर तुजं हिरवं लुगडं दिसलं. म्हनलं, आता मोडला तर आईच्या डोळ्याम्होरं मोडंल.

हरणाबाई: म्हंजी माज्यापायी.

जोतीराम: तसं न्हाई गं.

हरणाबाई: तसंच हाय.

विष्णुपंत: जोतीराम, पंच बोलावतायत! काय ठरलं?

जोतीराम: आये, तू म्हनशील तसं.

हरणाबाई: पाय इकडं कर. ही पट्टी कुनी बांधली? म्हशीच्या पायाला बी ह्याच्यापरीस बरी बांधत्यात.

विष्णुपंत: मीच बांधली.

हरणाबाई: दिसतंयच. जोत्या, दुकतंय?

जोतीराम: लय.

हरणाबाई: पळताना बी?

जोतीराम: पळताना ध्यानातच येत न्हाई.

हरणाबाई: मला बी आलं न्हाई. त्येवडा येळ तुला कायबी झाल्यालं न्हाई असंच वाटत व्हतं. घे, पट्टी आता घट्ट बसली. मोडला तर मी हाय, तेल हाय. पर पाय काडून घेऊ नगंस. आन माज्याकडं बघू नगंस.

जोतीराम: आन घरला जायाचं?

हरणाबाई: पंत, त्या वडाखाली माजा दीर गाडी जुपून उभा हाय. त्येला म्हनावं, बैलं सोड. वैनी खेळ बघतीया.