चांगल्या पायाची बाजू

उजवा पाय आधी ना मास्तर? — थांबा, सांगू नका, मला येतंय. उजवीकडे वळायचं तर चाल आवरायची, उजवा पाय भुऱ्याच्या तोंडापुढे आडवा टाकायचा, म्हणजे तो आपसूक मागे सरून वळतो. डावीकडे वळताना त्याला बाहेरून लांबचा फेरा, म्हणून आपण जरा थांबत-थांबत... की झपझप? बघा, विसरले! डोकं ठिकाणावर कुठंय माझं? कुत्र्याला नाही हो भीत मी, भुऱ्या म्हणजे गरीब गाय. ह्यांनी पिल्लू असल्यापासून त्याला डाव्या हाताला चालवलं, गुडघ्याला अगदी चिकटून — आणि लकव्याचा झटका आला तो नेमका डाव्याच अंगावर. आता तो पाय फरफटतो, मध्येच आडवा येतो, आणि भुऱ्याला वाटतं, वळा म्हणताहेत! शहाणाच तो, वळतो. परवा चौकात वळला, पट्टा ह्यांच्या पायात, हे भर रस्त्यात आडवे — टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून, नाहीतर... हळू बोलते, बाकावर बसलेत ना. म्हणून तुम्हाला बोलावलं, म्हटलं, आता त्याला उजवीकडून चालायला शिकवू, चांगल्या पायाच्या बाजूनं. खरं सांगू? आधी मी दिरांना फोन केला होता, कुत्रा घेऊन जा म्हणून. ह्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "तो गेला तर मी अंथरुणातून उठायचा नाही." असं बोलणारा माणूस नाही हो तो! मला काय वाटतं ठाऊक आहे? भुऱ्या गेला तर हेही... — नको, बोलून दाखवत नाही, वास्तू तथास्तु म्हणते... अगं बाई, उठले! अहो, काठी — काठी घ्या ना! कशाला हात पुढे करताय? पट्टा? आत्ता नको, अजून नीट शिकला नाही तो — बरं, घ्या. घ्या. मास्तर, तुम्ही जवळ राहा... राहू दे म्हणतात? मग इथूनच बघा आणि मला सांगा, मी नाही बघत. निघाले? सरळ आहेत ना? वळणार? कुठं, उजवीकडे? — काय झालं, पाय अडला? मास्तर, बोला ना! भुऱ्या थांबला? आपणहून? वळले?... दोघंही? खरंच की हो. परत येताहेत. आणि तोंडावर बघा ते हसू — आता उद्या म्हणतील, चौकात जातो. मी ओळखते ना ह्यांना. नाही, पाणी नको. तुम्ही जा मास्तर, आजचं झालं. जा म्हणते ना, मी बसते जरा — माझेच पाय लटपटताहेत, ह्यांना दिसायला नकोत.