डावा कार्बोरेटर

भाईंदर पश्चिमेला कानाच्या डॉक्टरकडे क्षितिजा नंबर लावून बसली होती. उजवीकडच्या मेकॅनिकचा पाय सारखा हलत होता आणि त्याच्यासोबत अख्खं बाकडं. "अहो, पाय हलवू नका ना," तिने दोनदा सांगितलं. त्याने मानसुद्धा वळवली नाही. त्याचं आपलं पलीकडे बसलेल्या बायकोशीच चाललं होतं.

"हंसा, पेणकरपाड्याहून इथवर कशाला आणलंस मला? संध्याकाळी गिऱ्हाईक गाडी न्यायला येतंय."

"टीव्ही किती मोठ्याने लावता! शेजारी भांडायला येतात."

"अगं, माझ्या कानांवर गॅरेज चालतं! त्या जुन्या स्पोर्ट्स गाडीला दोन कार्बोरेटर आहेत. दोघांनी सारखी हवा ओढायला पाहिजे. मी दोघांना रबरी नळ्या लावतो, डाव्याची डाव्या कानात, उजव्याची उजव्या. आवाज सारखा आला की झालं."

"मग अडलंय कुठे?"

"डावा ओढतच नाही. साफ केला, बदलला. शेवटी इंजिनच दुसरं टाकलं."

"आणि आता?"

"आता पण डावाच! त्याचा स्क्रू किती पिळू? गाडी नुसती थडथडतेय."

"इंजिन दुसरं, कार्बोरेटर दुसरा, तरी डावाच?"

"तेच ना! डोकं फिरायची वेळ आली."

"अहो, नळ्या कधी उलट्या कानांत घालून बघितल्यात?"

पाय थांबला.

"शिवदास कोण आहे? शिवदास!" डावीकडच्या दारातून कंपाउंडरने हाक मारली.

हंसा उठली नाही. नवरा उठतो का, ते बघत बसली.