चंपाची घोंगडी

कोयनेच्या भूकंपाला चार दिवस झाले होते. बंगळूर स्टेशनावर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे इथल्या मराठी भजनी मंडळाचे एक गृहस्थ घोंगड्यांचे गठ्ठे घेऊन उभे होते. फलाट झाडणारी, मूळची कोयनेकडची भागुबाई झाडू टेकवून त्यांच्याशी बोलू लागली.

“अण्णा, ह्या घोंगड्या कोयनेकडं चालल्या?”

“हो. तुमचं कोण आहे तिकडं?”

“धाकटी बहीण, धरणाजवळच्या गावात. ओली बाळंतीण हाय. अजून पत्तर न्हाई तिचं. कुठं वाटणार ह्या?”

“त्याच गावात, देवळात. आरती झाली की घरटी एक.”

“मग तिला न्हाई मिळायची. आमच्या लोकांस्नी देवळात घेत न्हाईत.”

“आता कायदा झालाय, बाई.”

“घरं पडली म्हणं सगळी. देवळाची पायरी पडली का, तेवढं बघा.”

“बरं, गावात वाटून झालं की तुमच्या वस्तीत येतो.”

“तवर उरतील?”

“असं करू, बहिणीचं नाव सांगा. तिची वेगळी काढून ठेवतो.”

“चंपा.”

“हे बघा, लिहिलं.”

“खोडा, अण्णा. बावीस घरं हायत वस्तीत. सगळी कुडकुडत असताना ती एकटी पांघरून कशी निजंल? आधी वस्तीत जावा.”