चक्कीवरचा नॉर्वे

आणि वर गावातले लोक मलाच विचारतात, 'नाना, एवढे वाचता, मग साहेबांपुढे गप्प का बसलात?' अहो, गप्प कुठला बसतो... वीजखात्याचे साहेब चावडीवर आले आणि म्हणाले, "गावाची मागणी पुरेशी भरली तर तार येईल, नाही तर पुढच्या गावाला जाईल." आता तुम्हाला सांगतो, माझे डोळे मंदावलेले, कंदिलापाशी अक्षरे मुंग्यांसारखी पळतात, दिव्याची निकड माझ्याइतकी गावात कोणाला? म्हणून मी उभा राहिलो आणि विषयाची रीतसर मांडणी केली की, नॉर्वेत मागणी हिवाळ्यात वाढते, कारण तेथे घरे विजेने ऊबदार ठेवतात. अमेरिकेत ती उन्हाळ्यात चढते, कारण तेथे गारवाही विजेचाच. देशादेशांत फरक असतो, तद्वत आपल्या... तोच हिंमतराव पाटील म्हणाले, "नाना, आमले थंडीमा शेकोटी शे, उन्हाळामा निंब शे, मोटले बैल शेतस. बत्ती कसाले जोयजे?"

दिवा हवाच कशाला, म्हणे! चावडी हसली, साहेब पेनाला टोपण लावू लागले, आणि माझा दिवा डोळ्यांदेखत पुढच्या गावाला निघाला...

देशादेशांत फरक असतो, हे मी वाचले होते. पण एकाच घरात बाहेरचा ओटा आणि आतली चूल हे दोन निराळे देश असतात, हे कोणत्याही ग्रंथात नव्हते. कारण दाराबाहेरून आवाज आला, आणि तो आमच्याच घरचा, आमच्या सौभाग्यवती मोतीबाईंचा. "साहेब, माणसंस्ले काय इचारतस? पहाटे उठीसन दळस कोन? आमले चक्की जोयजे." मग सर्वांदेखत माझ्याकडे वळून, "तुम्हना नॉर्वेनी बाई जातावर बसस का?"

मी म्हणालो, संदर्भ पाहावा लागेल.

तोवर मागच्या साऱ्या बाया 'चक्की, चक्की' म्हणू लागल्या होत्या. चक्कीची मोटार म्हणजे विजेची केवढी भूक... मागणी भरली. तार आली. चक्कीपर्यंत आली. घरांचे खांब नंतर, असे साहेब म्हणाले. ते 'नंतर' अद्याप चालू आहे.

तेव्हा हल्ली मी पुस्तक घेऊन चक्कीच्या दिव्याखालीच बसतो, भुवयांपर्यंत पांढरा. दळणाला थांबलेल्या बाया विचारतात, "नाना, आज कोनता देश?" मी यथासांग सांगतो, देशादेशांत फरक असतो... आयुष्यात प्रथमच एवढे श्रोते लाभले, तुम्हाला सांगतो. पण चक्की चालू असते तोवर एक शब्द ऐकू जात नाही, आणि ती थांबली की पीठ घेऊन सगळ्या घरी जातात.